पानाच्या कडेच्या आत : साताऱ्यातील वनस्पतींच्या अमूर्त मॅक्रो छायाचित्रांच्या प्रकल्प नोंदी

९ जून

वनस्पतींची अमूर्त मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठी करून घेतलेली, छायाचित्रे हा या प्रकल्पाचा विषय आहे आणि कार्यक्षेत्र सातारा शहर, यवतेश्वरचा घाट, कासचा रस्ता व घराशेजारची परसबाग एवढेच ठेवले आहे. क्षेत्र मुद्दाम लहान घेतले. कारण तीच दरड, तेच पान आणि तोच गवताचा उतार पावसाच्या सुरुवातीला, भर श्रावणात आणि दिवाळीनंतर पुन्हा पाहता आला, तरच त्यातली कोणती रेषा टिकाऊ आहे आणि कोणती केवळ त्या दिवसाच्या उजेडाची होती हे ध्यानात येते.

कॅमेरा हलवून रंग फासणे, संगणकावर रंग पालटणे किंवा सगळेच धूसर करून टाकणे या वाटांनीही अमूर्त चित्र मिळते. या प्रकल्पात त्या वाटा वर्ज्य आहेत. पानाची किंवा पाकळीची कड चौकटीबाहेर गेली की वस्तूची ओळख मागे पडते आणि शिरांची, लवेची, मेणाची, पाण्याची मांडणी पुढे येते. चित्र त्या मांडणीच्याच बळावर उभे राहिले पाहिजे. वनस्पतीच्या अंगावरच्या प्रत्येक ठळक रेषेला तिच्या जगण्यात काहीतरी काम असते. ते काम मला ठाऊक झाल्याशिवाय तिचे चित्र अंतिम निवडीत घ्यायचे नाही, ही मी घातलेली मुख्य अट आहे आणि पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावरूनच घेतले जातील.

दुसरी अट वनस्पतीच्या बाजूची आहे. काहीही तोडायचे नाही, उपटायचे नाही, वाकवून बांधायचे नाही आणि बाटलीने पाणी फवारून थेंब तयार करायचे नाहीत. प्रत्येक चित्राबरोबर वनस्पतीचे नाव, तिचा भाग, वर्धन, वेळ आणि हवामान वहीत नोंदवायचे.

२१ जून

साधनांची मोजमापे आज कागदावर मांडली, कारण मॅक्रोमध्ये निम्मे सौंदर्यविषयक निर्णय भूमितीच घेऊन टाकते. कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी आहे. ९० मिमीच्या मॅक्रो लेन्सवर १:१ वर्धनाला, म्हणजे वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या खऱ्या मापात पडते तेव्हा, नेमका तेवढाच तुकडा चौकटीत येतो, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा फारसा मोठा नाही. पुढे क्लोज-अप लेन्स आणि मागे एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधली पोकळ नळी) जोडून २:१ गाठले की चौकटीची रुंदी सुमारे १२ मिमी उरते.

अडचण फोकसच्या खोलीची आहे. १:१ वर्धनाला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ ८ ठेवले (आकडा मोठा तितके छिद्र बारीक), तर स्पष्ट दिसणारा थर जेमतेम ०.६४ मिमी असतो, आणि २:१ वर त्याच अ‍ॅपर्चरला तो ०.२४ मिमी होतो. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करून हा थर वाढवण्याचा मोह होतो; परंतु वर्धन वाढते तसे अ‍ॅपर्चरही प्रत्यक्षात बारीक होत जाते, म्हणजे एफ ८ हे १:१ वर एफ १६ प्रमाणे आणि २:१ वर एफ २४ प्रमाणे वागते, आणि तेथे प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सगळे चित्र सारखेच मऊ पडू लागते. म्हणून १:१ साठी एफ ८ आणि २:१ साठी एफ ५.६ ही मर्यादा ठरवली. दुसऱ्या बाबतीत स्पष्ट थर ०.१७ मिमीच्या आसपास मिळेल.

एवढ्या पातळ थरात काय बसवायचे, हाच या कामातील रचनेचा प्रश्न आहे. जे सपाट आहे ते सेन्सरला समांतर धरायचे, आणि जे उंचसखल आहे त्यातला कोणता भाग धूसर होऊ द्यायचा हे शटर दाबण्यापूर्वी ठरवायचे.

४ जुलै

पाऊस स्थिरावला आहे. यवतेश्वरच्या घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या काळ्या पाषाणाच्या दरडी आता अखंड पाझरत आहेत आणि मार्च-एप्रिलमध्ये करड्या खपलीप्रमाणे पडलेले मॉस पुन्हा गर्द हिरवे झाले आहे. मॉसचे पान बहुतांशी एकाच पेशीच्या जाडीचे असते. त्यामुळे समोरून प्रकाश पडला तर ते सामान्य हिरवळीप्रमाणे दिसते, पण प्रकाश मागून आला की पानातून आरपार जातो आणि प्रत्येक पान स्वतंत्रपणे उजळते. दरडीच्या वाकणावर, जेथे मॉसचा गालिचा कडेवरून खाली लोंबतो आणि मागे ढगाळ आकाश येते, तेथे हा मागचा प्रकाश आपोआप मिळतो. बाकी दरडीवर तो मिळत नाही, आणि छोटा दिवा मागे खुपसला तर गालिचा सुटतो. म्हणून काम त्या वाकणापुरतेच ठेवले.

त्याच दरडीवर हंसराज आहे. या नेच्याचा देठ चकचकीत काळा असतो आणि पानावर पाणी ठरत नाही. पाऊस चालू असतानाही पर्णिका कोरड्या राहतात. १:१ वर देठाची काळी रेषा चौकटीला तिरकी छेदते आणि तिच्या दोन्ही बाजूंना शिरांचे पंखे उघडतात. प्रत्येक शीर दुभागते, मग तिच्या शाखा पुन्हा दुभागतात, आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींच्या पानांत दिसते तशी जाळी येथे होत नाही. पंख्याची कड चौकटीत ठेवली तर ते पान दिसते. कड कापली की उरते ती फाटे फुटत जाणाऱ्या प्रवाहांची आकृती, आणि ती खोटी नाही, कारण या शिरांतून खरोखर पाणीच वाहत असते.

१३ जुलै

चार दिवस धुके आणि झड. बाहेर काम नाही. लेन्स आणि ट्यूब सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या आहेत; पुड्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात. घाटात गाडीतून बाहेर पडल्यावर लेन्सवर बाष्प धरू नये म्हणून गाडीच्या काचा आधीपासून खाली ठेवून आतली हवा बाहेरच्या हवेशी जुळवून घ्यावी, हेही येथे लिहून ठेवते.

२२ जुलै

शेजारच्या काकूंच्या परसातील अळू आता गुडघ्याच्या वर गेले आहे. मी पानांपुढे वाकून बसलेली पाहून त्यांनी “अगं, चिखलात कशाला बसतेस, चांगली दोन पानं कापून देते, घरी ने,” असे सांगितले. पान कापले की थोड्या वेळात त्याचा ताण उतरतो आणि शिरांमधला पृष्ठभाग ढिला पडतो हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी त्या वाफ्यातून वडीची पाने काढणे चार दिवस थांबवले, एवढेच नव्हे तर काळ्या देठाचे वडीचे अळू आणि हिरव्या देठाचे भाजीचे अळू यांच्या पानांचा पोत वेगळा लागतो, हेही दाखवले. तेव्हा दोन्हींची चित्रे घ्यायची ठरली.

अळवाच्या पानावर पाणी का टिकत नाही, याचे उत्तर २:१ वर्धनालाही पूर्ण दिसत नाही, पण त्याची चाहूल लागते. पानाच्या बाह्य त्वचेतील प्रत्येक पेशीला सूक्ष्म उंचवटा असतो आणि त्यावर मेणाचे त्याहूनही सूक्ष्म स्फटिक असतात. पाण्याचा थेंब फक्त त्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि त्याच्याखाली हवेचा थर अडकून राहतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी कमळाच्या पानावर याच रचनेचा अभ्यास केला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानंतर हा गुणधर्म कमळाच्याच नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. आपल्या घरामागचे अळू त्याच पंक्तीत बसते.

चित्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हवेचा थर. पाण्यातून जाणारा प्रकाश त्या थराच्या सीमेवर तिरका आदळला, तर तो बाहेर न पडता पूर्णपणे परावर्तित होतो आणि थेंबाची खालची बाजू चंदेरी दिसते. वरून पाहिले तर ही चंदेरी झाक फक्त कडेला असते. कॅमेरा पानाच्या पातळीपर्यंत खाली आणला की ती थेंबाच्या मध्यापर्यंत सरकते आणि थेंब पारदर्शक वाटेनासा होतो. पानाच्या मध्याशी, जेथे देठ जोडलेला असतो, तेथे एक मोठा सपाट थेंब साठतो. त्याची फक्त कड घेतलेली चौकट मला या महिन्याची सर्वांत समाधानकारक वाटते: खालच्या अर्ध्या भागात पानाचा जवळजवळ काळा हिरवा रंग, वर चांदीची एक जाड वळणदार पट्टी आणि त्यांच्यामध्ये पाणी पानाला न टेकता उचललेले राहते तेथे केसाएवढी सावली. ती सावली म्हणजेच हवेचा थर जेथे उघडा पडतो ती जागा.

एक गोष्ट सांभाळावी लागते. ज्या पानावरून बोट फिरले आहे, तेथे मेणाचा लेप चुरडतो आणि पाणी पसरून चिकटते. चांदी नाहीशी होते. परसातील ज्या पानांना येता-जाता हात लागतो ती दुरूनच ओळखू येतात. म्हणून वाफ्याच्या मधली, कोणी न शिवलेली पाने निवडली.

पहाटे पानाच्या टोकाशी आणि कडेला जे थेंब दिसतात ते मात्र बहुधा दवाचे नसतात. रात्री मुळे पाणी घेत राहतात, दमट हवेत बाष्पोच्छ्वास मंदावतो आणि जास्तीचे पाणी शिरांच्या टोकांशी असलेल्या छिद्रांतून बाहेर ढकलले जाते. दव सर्व पृष्ठभागावर सरसकट पडते. हे थेंब शिरा संपतात तेथेच असतात. हा भेद वहीतही पाळला आहे आणि चित्रांतही, कारण दुसऱ्या प्रकारात थेंबांमधले अंतर पानानेच ठरवलेले असते.

५ ऑगस्ट

कुंपणांवर कळलावी फुलली आहे. तिच्या पाकळ्यांचा तांबडा-पिवळा रंग इतका बोलका आहे की जवळून घेतलेले तिचे कोणतेही चित्र लगेच ओळखले जाते, त्यामुळे फुलाला बाजूला ठेवले आणि पानाकडे वळले. या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच लांबून गुंडाळी घेते आणि आधाराला धरते. पानाच्या शिरा समांतर आहेत. टोकाकडे पान अरुंद होत जाते तशा त्या एकमेकींजवळ येतात आणि शेवटी सगळ्याच ताण्यात शिरतात. १:१ च्या चौकटीत डावीकडून येणाऱ्या समांतर रेषा उजवीकडे एका वेटोळ्यात मिटतात, एवढेच दिसते.

वेटोळे एका पातळीत नसते, ही अडचण होती. ०.६४ मिमीच्या थरात त्याचा एकच फेरा बसतो. वेगवेगळ्या बाजूंनी पाहिल्यावर असे ठरवले की समांतर शिरा स्पष्ट ठेवायच्या आणि वेटोळ्याचा फक्त पहिला फेरा त्याच पातळीत आणायचा. पुढचे फेरे धूसर होत गेले की रेषा खोलीत निघून जाते आणि चित्राला दिशा मिळते. फोकस स्टॅकिंग करून, म्हणजे वेगवेगळ्या पातळ्यांवर फोकस केलेल्या चौकटी एकत्र जोडून, सगळेच फेरे स्पष्ट केलेली आवृत्तीही तयार आहे, पण ती पाठ्यपुस्तकातील आकृतीकडे झुकते.

सुरक्षिततेची नोंद: या वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. कामानंतर हात धुवावेत आणि लहान मुलांना कुतूहलाने पान हाताळू देऊ नये.

१८ ऑगस्ट

घाटाच्या वरच्या टप्प्यात, दगडांच्या सांदीत, रुपेरी नेचा आहे. त्याच्या पानाची खालची बाजू पांढऱ्या पुडीने माखलेली असते. लहानपणी हे पान हातावर दाबून नक्षी उमटवलेली माणसे साताऱ्यात पुष्कळ भेटतील. पांढऱ्या पृष्ठभागावर कडेने बीजाणुधानींची (बीजाणू धरणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांची) तपकिरी, जवळजवळ काळी ओळ जाते आणि पान जसे वळते तशी ती ओळही वळत जाते.

२:१ वर त्या ओळीतील बीजाणुधानी सुट्या होतात. प्रत्येक बीजाणुधानीवर जाड भिंतींच्या पेशींची एक कमान असते. हवा कोरडी झाली की पेशींतील पाणी उडू लागते, कमान उलटी ताणली जाते, आणि आत वाफेचे बुडबुडे तयार होताच ती झटक्यात परत मिटते व बीजाणू दूर फेकले जातात. पावसाने दहा-बारा तास उघडीप दिली आणि ऊन पडले तर काही कमानी उघडलेल्या सापडतात. संततधारेत सगळ्या मिटलेल्या असतात. उघडलेल्या कमानींचे चित्र अधिक चांगले आहे, कारण त्यात ओळीची शिस्त मोडून रेषा वेगवेगळ्या दिशांना तोंडे करतात.

या मालिकेपुरता रंग काढून टाकण्याचा निर्णय घेतला. पांढरे आणि तपकिरी यांच्यात रंगाची माहिती थोडी आहे आणि पुडीचा पोत हाच खरा आशय आहे. कृष्णधवलात तो कणाकणाने दिसतो. अळवाच्या चित्रांत मात्र रंग राहील, कारण तेथे चांदी आणि हिरवा यांतील अंतरच प्रकाशाची वाट दाखवते. सरसकट एकच नियम लावण्यापेक्षा प्रत्येक वनस्पतीला विचारून ठरवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

८ सप्टेंबर

कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला तेव्हा त्यात कासही होते, आणि फुलांच्या हंगामात येथे होणारी गर्दी सर्वांना माहीत आहे. जांभ्या दगडाच्या सपाटीवर मातीचा थर अतिशय पातळ आहे आणि येथील बहुसंख्य वनस्पती पावसाच्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या आहेत. एका माणसाने आडवे पडून काढलेल्या एका चित्रासाठी हातभर जागेतले त्या वर्षाचे बी नाहीसे होऊ शकते. म्हणून काम फक्त आखून दिलेल्या वाटेच्या कडेने आणि पठाराबाहेर रस्त्यालगतच्या ओल्या कातळावर करायचे, असे मी आधीच ठरवले होते. त्यामुळे काही सोडावे लागले असे वाटत नाही; जी वनस्पती पठाराच्या मध्यावर आहे ती वाटेच्या कडेलाही आहे.

ओल्या कातळाच्या खोलगट भागात दवबिंदू आहे. या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावर देठ असलेल्या लाल ग्रंथी असतात आणि प्रत्येक ग्रंथीच्या टोकाला चिकट द्रवाचा थेंब असतो. दव दहा वाजेपर्यंत आटते, हा थेंब दुपारीही टिकतो. मागच्या ओळीतील थेंब फोकसबाहेर गेले की त्यांच्या गोल चकत्या होतात आणि त्या एकमेकींवर येतात. पुढच्या ओळीतील थेंबांत मात्र आकाश खाली आणि कातळ वर असे उलटे, पण रेखीव दिसते. थेंबात उलटे फूल पकडण्याची जी लोकप्रिय पद्धत आहे तिच्याकडे जाण्याचा मोह येथे सहज होतो. मी ती चित्रे घेतली नाहीत. त्यांत पाहणारा थेंबातले फूल पाहतो आणि थेंब ज्या ग्रंथीने तयार केला, ज्या कामासाठी केला, ते नजरेआड होते. त्याऐवजी लाल देठांची गर्दी एका कोपऱ्यातून आत येते आणि उरलेली चौकट रिकामी आहे, अशी मांडणी निवडली. त्यातल्या एका देठाचा बाक इतरांपेक्षा वेगळा आहे. एक बारीक चिलट चिकटल्यामुळे तो आत वळू लागला आहे.

गेंदाची पांढरी गोल डोकी वाऱ्यावर सतत हलत होती, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवला नाही.

सकाळचा उरलेला वेळ आभाळीला दिला आणि तो सार्थकी लागला. तिचे फूल लहान, निळसर-जांभळे, आणि उघडण्याचा काळ थोडा. दुपारनंतर ते मिटून मऊ पडते. पुंकेसरांच्या दांड्यांवर निळ्या केसांचा दाट झुपका असतो. साध्या डोळ्यांना तो धुरकट दिसतो. १:१ वर तो केसांचा आहे हे कळते. २:१ वर, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) चित्र मोठे करून फोकस अगदी सावकाश पुढे सरकवला, तेव्हा एक केस थरात आला आणि तो अखंड दोरा नसून मण्यांची माळ आहे हे स्पष्ट झाले. प्रत्येक मणी ही एकच पेशी आहे, काठोकाठ निळ्या रसाने भरलेली, आणि दोन मण्यांमध्ये प्रकाश आरपार जाणारी बारीक चिमट आहे. याच कुळातील ट्रॅडेस्कॅन्शियाच्या पुंकेसरांवरही असेच केस असतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये पेशीतील केंद्रकाला नाव देताना ते त्या केसांत किती स्पष्ट दिसते याची नोंद केली होती. सूक्ष्मदर्शकाखाली न्यावी लागणारी गोष्ट कातळावर उभ्या असलेल्या फुलात, त्याला धक्का न लावता, येथवर दिसू शकते याचा मला फार आनंद झाला.

चौकटीत अशा सुमारे वीस माळा एकमेकींना छेदतात. त्यांतील तीन स्पष्ट आहेत, बाकीच्या निळ्या धुराप्रमाणे मागे राहतात. हे चित्र अंतिम निवडीत जाईल.

२० सप्टेंबर

फोकस स्टॅकिंगबाबत नियम लिहून ठेवते. ३ मिमी खोलीचा भाग २:१ वर सलग स्पष्ट हवा असेल, तर ०.१७ मिमीचे थर थोडे एकमेकांवर यावेत म्हणून ०.१२ मिमीच्या पायरीने साधारण २५ चौकटी लागतात. तेवढा वेळ पान हलता कामा नये, आणि उघड्यावर वारा ०.१२ मिमीएवढाही स्थिर राहत नाही. घाटातील दरडीवर, जेथे वनस्पती दगडाला चिकटून असते, तेथे हे शक्य आहे. पठारावरच्या उंच देठाच्या फुलावर नाही. त्यामुळे स्टॅकिंग मॉस, नेचा आणि दगडफूल यांच्यापुरतेच. इतरत्र एकच चौकट आणि एकच थर.

६ ऑक्टोबर

आतापर्यंतची निवड भिंतीवर लावून पाहिली आणि कार्ल ब्लॉसफेल्ट यांच्या कामाकडे पुन्हा वळले. १८६५ ते १९३२ हा त्यांचा जीवनकाल. ते बर्लिनमध्ये कलाशिक्षक होते आणि विद्यार्थ्यांना आकार शिकवण्यासाठी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी वर्षानुवर्षे वनस्पतींचे भाग कित्येक पट मोठे करून टिपले. कलाजगताचे लक्ष त्यांच्याकडे १९२८ नंतर गेले. साधी करडी किंवा पांढरी पार्श्वभूमी, सौम्य सारखा प्रकाश आणि एका वेळी एकच भाग ही त्यांची शिस्त मला अतिशय आदराची वाटते. नेच्याचे वेटोळे त्यांच्या चित्रात लोखंडी कामाइतके ठाम दिसते ते याच शिस्तीमुळे.

पण त्यांची वनस्पती छाटलेली, बाकीच्या जगापासून सोडवलेली आहे. माझ्या अटींत ती जागेवरच राहते आणि मागे काय असावे हे माझ्या हातात फारसे नसते. यावर दोन उपाय आतापर्यंत उपयोगी पडले आहेत. जेथे जागा आहे तेथे पोस्टकार्डाएवढा करडा पुठ्ठा वनस्पतीला न लावता एक वीत मागे धरायचा. जेथे नाही तेथे वर्धन वाढवून पृष्ठभागच पूर्ण चौकट व्यापेल असे पाहायचे, म्हणजे पार्श्वभूमीचा प्रश्न उरत नाही. भिंतीवरची दुसऱ्या प्रकारची चित्रे अधिक सशक्त आहेत असे माझे मत झाले आहे. त्यांना वर आणि खाली नाही. ती कोणत्याही बाजूने टांगता येतात, आणि तरीही त्यांतली वाढीची दिशा डोळ्याला सापडते.

कळलावीचे चित्र राहिले. दवबिंदूच्या चित्रांपैकी एकच राहिले. मॉसची सगळी चित्रे बाजूला काढली. ती सुंदर आहेत, पण त्यांत प्रकाशाचे काम अधिक आणि मॉसचे कमी आहे.

२ नोव्हेंबर

पठाराच्या खालच्या उतारांवर गवत पिवळे पडले आहे. कुसळी गवताची कुसळे काळपट तपकिरी झाली असून एकाच कणसातील कुसळे एकमेकांत गुंतून त्यांचे पीळ पडलेले झुपके झाले आहेत. गुराख्यांना आणि मेंढपाळांना या कुसळांचा त्रास चांगलाच माहीत आहे: बियाचे टोक सुईप्रमाणे टोचते, त्यावरचे ताठ केस उलट्या दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे लोकरीत किंवा कातडीत शिरलेले कुसळ मागे ओढले तर अडते आणि पुढेच सरकते.

कुसळाचा खालचा अर्धा भाग पिळलेला असतो, मग त्याला कोपर येते आणि पुढचा भाग सरळ जातो. पिळलेल्या भागातील पेशींच्या भिंतींत तंतू तिरपे गुंडाळलेले असतात. भाग ओला झाला की पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो. बी जमिनीवर पडल्यावर सरळ भाग शेजारच्या गवताला अडकतो, त्यामुळे फिरणे बियाच्या वाट्याला येते आणि रात्रीचे दव व दिवसाचे ऊन मिळून त्याला मातीत रोवतात.

हे कळल्यावर कामाची पद्धत आपोआप ठरली. एकाच कुसळाच्या एकाच भागाचे चित्र सकाळी साडेसहाला दवाने ओले असताना आणि पुन्हा अकराला वाळल्यावर घेतले, कॅमेऱ्याची जागा न बदलता. सकाळच्या चौकटीत कडा जवळजवळ समांतर आहेत आणि तपकिरी रंग खोल, ओलसर आहे. अकराच्या चौकटीत त्याच कडा आडव्या वळल्या आहेत, फेऱ्यांमधले अंतर निम्म्याहून कमी झाले आहे आणि प्रत्येक फेऱ्याच्या माथ्यावर बारीक केसांची सोनेरी किनार उभी राहिली आहे. मधल्या वेळात, ऊन पहिल्यांदा उतारावर पोहोचले तेव्हा, कुसळ फिरताना डोळ्यांनी दिसत होते. लाइव्ह व्ह्यूमध्ये एक केस चौकटीच्या एका बाजूने आत आला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेला.

ही दोन चित्रे जोडीनेच लावावी लागतील. सुटे पाहिले तर प्रत्येक चित्र म्हणजे तपकिरी पट्ट्यांची एक रचना आहे. शेजारी ठेवली की त्यांच्यामधला फरक हाच विषय होतो, आणि पहिल्या दिवशी घातलेल्या अटीचा इतका स्पष्ट पुरावा या मालिकेत दुसरा नाही. माझ्या मते हे प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

२४ नोव्हेंबर

छपाईची चाचणी झाली. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० पिक्सेल रुंद असते. ६० सेमी रुंदीला सेंटिमीटरमागे १०० पिक्सेल मिळतात आणि ते हातभर अंतरावरून पाहण्यास पुरेसे आहेत. २:१ वर घेतलेली १२ मिमीची चौकट ६० सेमीवर छापली की वनस्पती ५० पट मोठी दिसते, १:१ ची सुमारे २५ पट. म्हणून दोन्ही वर्धनांची चित्रे एकाच मापात छापायची नाहीत. १:१ ची चित्रे ९० सेमीवर आणि २:१ ची ६० सेमीवर गेली, तर आकारांतील फरक थोडा कमी होतो आणि आभाळीच्या माळा अवाढव्य वाटत नाहीत. कागद मॅट, सुती. चकचकीत कागदावर अळवाची चांदी खोलीतील दिव्यांच्या चमकेत मिसळते.

चित्राखालच्या ओळीबद्दल बराच विचार केला. चौकटीची प्रत्यक्ष रुंदी मिलिमीटरमध्ये चित्राखालीच लिहायची. वनस्पतीचे नाव, तिचा भाग आणि त्या रेषेचे काम हे दोन-तीन वाक्यांत चित्राच्या उजवीकडे, डोळ्यांच्या पातळीखाली, म्हणजे पाहणाऱ्याला आधी पाहता येईल आणि मग वाचता येईल. नाव अजिबात न देण्याची पद्धत अमूर्त चित्रांत रूढ असली, तरी ज्या वनस्पतीने ही रचना उभी केली तिचे नाव गाळणे मला मान्य नाही.

उरलेले काम: रुपेरी नेचा उन्हाळ्याकडे पान आत मिटून पांढरी बाजू बाहेर करतो, त्या अवस्थेची चित्रे फेब्रुवारीपासून, रुईच्या फुटलेल्या बोंडातील तंतू मार्च-एप्रिलमध्ये, आणि काकूंच्या वाफ्यातील हिरव्या देठाच्या अळवाची उरलेली जोडी पुढच्या जुलैमध्ये, त्यासाठी वाफ्याची मधली रांग न तोडता ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे.